लपाछपी: बोटं, बुबुळं आणि कंदहारहून आलेलं एक यंत्र

वाटसरू७२

नमस्कार मंडळी, विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता, कंटाळा करत होतो, काल रात्री लाईट गेली आणि झोप येईना म्हणून मोबाईलवरच टंकतोय, तेव्हा शुद्धलेखनाचे वाभाडे काढू नका.

तर असं बघा. समोरच्याच्या अंगावर युनिफॉर्म नाही. दिवसा डाळिंबाच्या बागेत काम करतो, रात्री रस्त्यात खड्डा खणून बॉम्ब पुरतो, या नाक्यावर नाव सांगतो अब्दुल, पुढच्या नाक्यावर रहीम, बापाचं नाव वेगळं, गाव वेगळं, कागदपत्रं गावात कुणाकडेच धड नाहीत. फौजेनं ओळखायचं कसं? अमेरिकेनं इराक आणि अफगाणिस्तानात यावर काढलेला तोडगा म्हणजे नावगाव राहू दे बाजूला, बोटं दे आणि डोळे उघड.

यंत्रांची नावं ऐका आधी. हातात धरायच्या एका यंत्राचं नाव हाइड, नंतर आलेल्याचं सीक. म्हणजे आपली लपाछपी! लांबलचक सरकारी नावांची आद्याक्षरं आहेत ती, पण कुणीतरी मुद्दाम जुळवलीत हे शेंबडं पोरही सांगेल.

काम साधं आहे. सैनिक माणसाला उभं करतो, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं आणि चेहरा घेतो, यंत्रात आधीच भरलेल्या वाँटेड यादीशी तिथल्या तिथे ताडून बघतो. तळावर परतल्यावर यंत्र जोडलं की सगळा माल वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला असलेल्या मोठ्या डेटाबेसात जातो. दुसऱ्या बाजूनं फुटलेल्या, नाहीतर न फुटलेल्या बॉम्बवरचे ठसे येतात, चिकटपट्टीच्या आतल्या बाजूचे, बॅटरीवरचे, वायर गुंडाळताना लागलेले. आता गंमत अशी की ठसा आज मिळाला आणि माणूस पाच वर्षांनी मिळाला तरी चालतं, माणूस आधी आणि ठसा नंतर तरी चालतं. कुठल्याही क्रमानं या, यंत्र जोडी लावणार. २०११ च्या जुलैपर्यंत अफगाणिस्तानात ११ लाखांवर आणि इराकात २२ लाख लोक या वहीत चढले होते. लढण्याच्या वयातले पुरुष धरले तर अफगाणिस्तानात दर सहातला एक आणि इराकात दर चारातला एक. इराकातल्या फलूजात २००४ च्या शेवटी लढाई झाल्यावर तर परतणाऱ्या पुरुषांना ठसे आणि बुबुळ देऊन बिल्ला घेतल्याशिवाय स्वतःच्या शहरात पाय ठेवता येत नव्हता.

फायदा झाला का? झाला की. २५ एप्रिल २०११, कंदहारचं सरपोझा तुरुंग. बाहेरच्या एका घरातून ३०० मीटरहून लांब भुयार खणून तालिबाननं रातोरात पावणेपाचशेच्या आसपास कैदी पळवले. पण प्रत्येकाचे ठसे-बुबुळं आधीच घेऊन ठेवलेली, त्यामुळे काही दिवसांत ३५ एक जण परत सापडले. एक जण स्वतःच्या गावापासून तीनेक किलोमीटरवर साध्या गाडी तपासणीत गावला, आणि दुसऱ्याचा कहर म्हणजे हा बाबा अफगाण फौजेत भरती व्हायला गेला होता, आतून घातपात करायचा म्हणून, तिथे डोळा लावला आणि खेळ खल्लास.

आता नाण्याची दुसरी बाजू, ज्यासाठी खरं तर धागा काढलाय. जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब नावाच्या हॅकर मंडळींनी ईबेवर अशी सहा यंत्रं चक्क विकत घेतली. त्यातलं एक सीक फक्त ६८ डॉलरला. आपल्याकडे एखादा बरा मिक्सर येतो तेवढ्यात! हॅम्बुर्गला पार्सल आलं, उघडलं, मेमरी कार्ड जागेवर, आणि त्यात २,६३२ माणसं. नाव, देश, फोटो, ठसे, बुबुळं. यंत्र शेवटचं वापरलेलं २०१२ च्या उन्हाळ्यात कंदहारजवळ. त्या यादीत वाँटेड लोक होतेच, पण अमेरिकनांसाठी काम केलेले वाटावेत असेही होते आणि नुसते नाक्यावर अडवले म्हणून चढलेलेही. २०२२ च्या डिसेंबरात ही बातमी फुटली. म्हणजे तालिबान काबूलमध्ये येऊन सव्वा वर्ष उलटून गेलं होतं.

तर मला विचारायचंय ते असं, की पकडायच्या वेळी हे उपयोगी आहे हे मान्यच, पण लढाई संपल्यावर त्या वहीचं काय करायचं असतं? कुणाला अनुभव, माहिती असेल तर लिहा. आणि कृपया धाग्याचं काश्मीर करू नका.

खवट_आजोबा

पहिला नंबर माझा. ६८ डॉलरचं ऐकून पुण्यातले निम्मे लोक ईबेवर शोधायला गेले असतील.

सुभेदार_फलटणकर

वाटसरू, चांगला धागा. मी फौजेत २४ वर्ष काढली, त्यातली बरीच गेटवर आणि नाक्यावर. जागा सांगत नाही, सांगायची नसते.

तुम्ही लोक घरात बसून डेटा डेटा करता, गेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या एका पोस्टवर वर सामान न्यायला लोकल पोर्टर यायचे. त्यांचा पास म्हणजे काय, पासपोर्ट साईझ फोटो, त्यावर शिक्का, प्लास्टिक मारलेलं, ते पावसात एकदा भिजलं की आत फोटोचा पांढरा डाग. एकदा लक्षात आलं की एका पासवर दोन सख्खे भाऊ येतात. सोमवारी हा, मंगळवारी तो. दाढी सारखी, फेटा सारखा, बिड्यापण एकाच बंडलातल्या. मला कसं कळलं तर एकाला डाव्या हातानी सही करायची सवय होती. बिचारे गरीब होते, एक आजारी पडला की दुसरा यायचा, रोजगार बुडू नये म्हणून, बाकी काही नव्हतं. पण त्या जागी तिसरा कोणी असता तर?

इराकात तेच झालं ना. २१ डिसेंबर २००४, मोसूलच्या अमेरिकन तळावर जेवणाच्या तंबूत दुपारच्या जेवणाच्या वेळी एकजण अंगावरच्या बॉम्बसकट फुटला. २२ माणसं गेली. इराकी फौजेच्या गणवेशात आत शिरला होता. त्यानंतर त्यांनी तळावर येणाऱ्या लोकल कामगारांना ठसे आणि बुबुळावर पास द्यायला सुरुवात केली. ज्यांनी जेवणाच्या ताटावरून मित्र उचललाय त्यांना प्रायव्हसी शिकवू नका एवढंच माझं म्हणणं.

बुबुळवाली

सुभेदार साहेब, भाऊ-भाऊ प्रकरण भारी आहे आणि आमच्या क्षेत्रातलंच आहे. मी पुण्यात याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम करते (कुठे ते विचारू नका), तर थोडं तांत्रिक, झेपेल तेवढं वाचा.

तुम्ही गेटवर जे करत होतात त्याला आम्ही एकास एक म्हणतो. माणूस सांगतो मी अमुक, यंत्र बघतं खरंच अमुक आहे का. आपलं आधार, रेशन, मोबाईलचं कुलूप सगळं यात येतं. नाक्यावरची वाँटेड यादी म्हणजे एकास अनेक. माणूस काहीच सांगत नाही, यंत्र त्याला यादीतल्या प्रत्येकाशी लावून बघतं. लोकांना दोन्ही सारखंच वाटतं पण जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा एका तुलनेत चूक व्हायची शक्यता लाखात एक, ऐकायला झकास. आता यादीत दहा लाख नावं असतील तर एका निरपराध माणसामागे सरासरी दहा खोट्या जोड्या निघणार. यादी जितकी फुगवाल तितकी यंत्राची तब्येत बिघडते, आणि फौजांना तर यादी फुगवायचीच हौस असते.

बुबुळ यात सगळ्यात सज्जन. केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी जी पद्धत काढली तिच्यात अख्खं बुबुळ २,०४८ बिटांत बसतं, म्हणजे फक्त २५६ बाईट, तुमच्या गुड मॉर्निंगच्या फुलाच्या फोटोहून शेकडो पटींनी लहान. खोटी जोडी जवळपास लागतच नाही. ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवते ना, १९८४ चा फोटो? २००२ मध्ये ती बाई परत सापडली तेव्हा तीच का हे डॉगमन यांनी जुन्या आणि नव्या फोटोतल्या बुबुळांवरून ताडून सांगितलं.

बोटाचं तसं नाही. बॉम्बवर मिळतो तो अर्धा, पुसट, घसरलेला ठसा, आणि शेवटी माणूसच भिंग घेऊन ठरवतो. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटात डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा आहे असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी छातीठोक सांगितलं. दोन आठवडे आत होता तो. स्पेनचे पोलीस पहिल्यापासून म्हणत होते की जुळत नाही, आणि शेवटी त्यांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा निघाल्याचं दाखवलं. वकील मुसलमान होता, आणि तेवढ्यावरून तपास करणाऱ्यांची खात्री कशी पक्की होत गेली ते पुढच्या चौकशीत आलंय. सरकारला माफी मागून २० लाख डॉलर द्यावे लागले. अमेरिकेत वकील होता म्हणून सुटला हो. अफगाणिस्तानातल्या हेलमंदमधला शेतकरी असता तर त्याच्यासाठी माद्रिदला फोन कोण लावणार होतं?

दुबईकर_मंग्या

बुबुळवाली ताई, सज्जन वगैरे ठीक आहे पण पब्लिक त्याच्याही वर असतं. आमच्याकडे यूएईत हद्दपार केलेली माणसं नव्या पासपोर्टवर परत यायची म्हणून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच विमानतळांवर बुबुळ बघणं सुरू झालं. मग पठ्ठ्यांनी काय करावं, डोळ्याच्या डॉक्टरकडे टाकतात ते बाहुली मोठी करायचे थेंब टाकून रांगेत उभे! बाहुली फुगली की बुबुळाची पट्टी चिंचोळी होते आणि यंत्राला जोडी लागत नाही. मग यांनी बाहुलीचं माप बघायला सुरुवात केली, फारच मोठी दिसली की बाजूला बसवायचे, थेंबांचा अंमल उतरला की पुन्हा. चोर-पोलीस आहे सगळं.

केंटकीची_काकू

मी लुईव्हिलला असते, इथून दोनेक तासांवर बोलिंग ग्रीन म्हणून गाव आहे, तिथली गोष्ट सांगते, वाटसरूंच्या "पाच वर्षांनी मिळाला तरी चालतं"ला धरून. २००९ मध्ये एक इराकी माणूस निर्वासित म्हणून इथे आला, रीतसर तपासणी होऊन. नंतर एफबीआयला संशय आला, पाळत ठेवली, आणि २०११ मध्ये जुन्या सामानात शोधाशोध केल्यावर २००५ साली इराकात बैजीजवळ सापडलेल्या एका न फुटलेल्या बॉम्बवर याच्या बोटांचे ठसे निघाले. बॉम्ब कशाचा, तर घरातल्या कॉर्डलेस फोनचा तळ जोडलेला. आपल्याकडे असायचा ना टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालावर ठेवलेला, तो. त्याला पुढे ४० वर्षांची शिक्षा झाली, बरोबरच्याला जन्मठेप.

इथे तेव्हा सगळे म्हणाले बघा यंत्रणा कशी काम करते. मला उलटच वाटलं. ठसा २००५ पासून यांच्याच कपाटात आणि माणूसही यांच्याच तपासणीतून गेलेला, तरी तो विमानात बसून इथे येऊन दोन वर्ष राहिला कारण ती जोडी कुणी लावलीच नव्हती. आणि त्याचा भोग आला बाकीच्या इराक्यांना, पुन्हा सगळ्यांची तपासणी, नवीन लोकांचं येणं कितीतरी महिने रखडलं. त्यात फौजेसाठी दुभाष्याचं काम केलेली माणसंसुद्धा होती.

देश_आधी

सगळं वाचलं. मुद्दा एवढाच की ज्याने काही केलं नाही त्याला घाबरायचं कारण काय? द्या ना बोटं. आपण आधारला दिलीच की. उगाच अतिरेक्यांच्या हक्कांसाठी गळे काढायचे. युनोच्या सुरक्षा परिषदेनेच २०१७ मध्ये ठराव २३९६ करून सगळ्या देशांना अतिरेकी ओळखायला बायोमेट्रिक यंत्रणा उभी करायला सांगितलंय, युनोपण देशद्रोही का?

बुबुळवाली

@देश_आधी, तोच ठराव हे मानवी हक्कांच्या चौकटीत राहून करा असंही म्हणतो, तेवढं वाक्य सोयीनं गाळलंत. आणि "काही केलं नाही" हे कुणी ठरवायचं? अफगाण फौजेत कागदावरचे सैनिक फार झाले होते, म्हणजे नाव आहे पगार आहे माणूस नाही, म्हणून पगाराच्या यंत्रणेला बोटं आणि डोळे जोडले. हेतू शंभर टक्के चांगला, चोरी थांबवायची. त्यात नाव, हुद्दा, घरच्यांची माहिती, ओळख देणाऱ्या गावातल्या वडीलधाऱ्यांची नावं, सगळं. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं आणि एका दुपारीत त्या चांगल्या यादीची शिकारीची यादी झाली. त्या माणसानं काय केलं होतं? नोकरी. अहो २०१६ मध्येच कुंदुझच्या रस्त्यावर तालिबाननं बस थांबवून ठसे तपासायचं यंत्र लावून त्यातले सुरक्षा दलाचे लोक वेगळे काढले असं तिथले अधिकारी सांगत होते. लोक जीव वाचवायला फोनमधले फोटो पुसत होते, प्रमाणपत्रं जाळत होते. बोटं कुठे जाळणार?

पासवर्ड फुटला तर बदलता येतो म्हणतात तो जोक आमच्याकडे रोज होतो, तेव्हापासून मला हसू येत नाही.

देश_आधी

ते अमेरिकनांनी सोडून पळ काढला म्हणून. आपण सोडून जाणार नाही आहोत.

सुभेदार_फलटणकर

@देश_आधी, भाऊ, फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात की पोस्ट पडू शकते. त्याप्रमाणेच सगळं ठेवायचं असतं.

खवट_आजोबा

@सुभेदार, टाळ्या.

अवांतर पण विषयातलंच: बोटांवर एवढा विश्वास टाकणाऱ्यांनी एकदा आमच्या गावच्या रेशन दुकानात येऊन बसावं. आमची भावजय, वय ७४, आयुष्यभर भुईमूग उपटला आणि भांडी राखेनं घासली, तिच्या बोटांवर आता रेघ म्हणून शिल्लक नाही. मशीनवर अंगठा लावते, लाल दिवा. पदराला पुसते, लाल दिवा. दुकानदार म्हणतो आजी तेल लावा, तेल लावून लाल दिवा, मग म्हणतो धुऊन या. चार खेपा झाल्यावर शेवटी सुनेचा अंगठा चालला. आता डोळ्याचं यंत्र आलंय म्हणे, तर हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. अफगाणिस्तानातला गवंडी किंवा शेतकरी असाच असणार ना? इथे चुकलं तर तांदूळ मिळत नाही, तिथे समोर बंदूक.

बुबुळवाली

@खवट आजोबा, अगदी हेच. कष्टाच्या हातांचा ठसा खराब येतो, त्यात धूळ, ऊन, आणि समोरचा घाबरून घामाघूम. बुबुळावर जास्त भर देण्यामागे हेही कारण आहेच. पण भर उन्हात डोळे किलकिले करणाऱ्या म्हाताऱ्याचं बुबुळ घेणं म्हणजे मांजराला औषध पाजणं.

माळावरची

बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं.

तुम्ही सगळे अफगाणिस्तान आणि अमेरिका म्हणताय. ही विद्या गेली कुठून ते माहितीये का? १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तिथून सुरुवात. १८९७ ला कलकत्त्यात ठशांचं ऑफिस निघालं आणि ठसे लावायची जी पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावानं जगभर गेली तिचं डोकेफोडीचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी माणसांनी केलं होतं.

आणि मग ती वापरली कुणावर? आमच्यावर. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, १९११ ला तो आणखी कडक केला, त्यात नोंदलेल्या माणसाचे ठसे घ्यायची तरतूद. गुन्हा केलेल्या माणसाचे नव्हे, जातीत जन्मलेल्याचे. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले, तारेच्या कुंपणात. हजेरी द्यायची, गावाला जायचं तर पास. आजी सांगायची की ठसे घेताना शाई लावायचे ती दोन दिवस निघायची नाही, आणि बाजारात भाकरीचं पीठ घेताना लोक आधी बोटं बघायचे. काळी बोटं म्हणजे सेटलमेंटवाला. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही कायद्यानं सुटलो. पण माझा भाऊ शिकलेला, नोकरीला, त्याला गावात चोरी झाली की अजून चौकशीला बोलावतात.

"काही केलं नाही तर घाबरायचं काय" हे वाक्य ऐकलं की मला आजीची बोटं दिसतात. अतिरेकी पकडू नका असं मी म्हणत नाहीये. सरपोझाचे कैदी पकडले ते बरंच झालं. पण तो तुरुंगातला कैदी आणि फलूजात घरी परतणारा माणूस या दोघांना एका वहीत घातलं ना, तिथे मला आमची वही दिसते.

देश_आधी

ताई, तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. वाईट वाटलं असेल तर सॉरी.

माळावरची

माझ्याबद्दल नव्हतात हे माहितीये. तरी लिहिलं.

वाटसरू७२

लाईट आली, धागा इतका पुढे गेला, सगळ्यांचे आभार. माळावरची, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फलूजाचं ते वाक्य मी धाग्यात नुसतं माहिती म्हणून टाकून पुढे गेलो होतो.

एक राहिलं. ईबेच्या भानगडीनंतर अमेरिकन संरक्षण खात्याचं म्हणणं आलं की ही यंत्रं वापरून झाली की जागेवरच नष्ट करायची असतात, बाजारात यायलाच नको होती. म्हणजे नियम होता. सुभेदार साहेब, तुमच्याकडे पोस्ट सोडताना काय करायचे? आणि त्या दोन भावांचं पुढे काय झालं?

सुभेदार_फलटणकर

भावांना दोन वेगळे पास करून दिले. साहेबांनी आधी शिव्या घातल्या, मला आणि त्यांना, मग सही केली.

पोस्ट सोडताना बोर्ड बसायचा, एक अफसर आणि दोन जण. पासचं रजिस्टर, फोटो, निगेटिव्ह, जुन्या ड्युट्या, एकेक पान सुटं करून डालड्याच्या डब्यात जाळायचं, कारण वही बांधलेली टाकली तर मधली पानं जळत नाहीत, नुसती कडेनं काळी होतात. मग काठीनं राख विस्कटून वर पाणी. साहेब स्वतः बोट घालून बघायचे आत काही अख्खं राहिलंय का. त्यानंतर सर्टिफिकेटवर तिघांच्या सह्या. त्या दोघांचे फोटो मी स्वतः टाकले डब्यात. प्लास्टिक मारलेलं होतं, जळायला फार वेळ लागला.